चौदा तारखेनंतर

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजता फिदेन्सिओ इश्कोय अमेरिकेतल्या कॅटल्पा काउंटीच्या तुरुंगातून बाहेर यायला हवा होता. न्यायाधीशबाईंनी आदल्याच दिवशी त्याचं प्रकरण निकालात काढलं होतं. गाडीचा मागचा दिवा फुटका, लायसन्स नाही, शुक्रवारपासून आत आहे तेवढं पुरे, घरी जा. त्याची बायको कातारिना साडेआठपासून बाकावर बसली होती. मांडीवर इस्त्री केलेला शर्ट, त्यावर फडक्यात गुंडाळलेले चार तमाल, मक्याच्या पिठाचे वाफवलेले. दहापर्यंत तमालांना वाफ होती. अकरापर्यंत फडकं गार झालं.

सव्वाअकराला खिडकीमागचा डेप्युटी मान वर न करता म्हणाला की या नावाचा कोणी आज सुटत नाही. मिग्राचा होल्ड आहे.

केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याला तिकडे सगळे मिग्रा म्हणतात. होल्ड म्हणजे एक पानभर कागद. काउंटीने माणूस सोडला तरी सोडू नये, मिग्राची गाडी येईपर्यंत धरून ठेवावा, एवढंच त्यात असतं.

दोन खुर्च्या सोडून दोमितिला रुआनो पुस्तक मिटून बसली होती. मघापर्यंत ती एकच पान वाचत होती. कोर्टाची दुभाषी म्हणून तिची बावीस वर्षं या इमारतीत गेली होती. ती साल्वादोरहून आली तेव्हा केस काळे होते, आता चष्म्याची दोरीही पांढरी पडली होती. इमारतीत ती कुणाच्या अध्यात नसे, मध्यात नसे. दुसऱ्याचे शब्द इकडून तिकडे न्यायचे आणि आपला शब्द घरी ठेवून यायचं, असं तिचं काम होतं. घरीही ती फारसं बोलत नसे.

फिदेन्सिओला ती ओळखत होती, कारण मार्चमध्ये पाऊण तास ती त्याचा आवाज होती. कोंबड्या कापण्याच्या प्लँटमधला मुकादम डॅरिल हॉकडे याने शीतघरात तिथेच काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या मिरेयावर हात टाकला, दार आतून लावून. फिदेन्सिओने ते दार खांद्याने उघडलं होतं. दुसरा साक्षीदार नव्हता. खटला पुढच्या सोमवारी, चौदा तारखेला होता.

त्या दिवशी जबाब सुरू होण्याआधी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, सहीचं एक पत्र साक्षीदाराला वाचून दाखवायचं होतं. साक्ष द्यायला येणाऱ्याला इथे कागदपत्रं विचारली जाणार नाहीत आणि त्याची कसलीही माहिती मिग्राकडे जाणार नाही. ते पत्र दोमितिलाने स्पॅनिशमध्ये वाचलं होतं. सावकाश, स्पष्ट, मध्ये एकदा थांबून, त्याला कळलं ना हे बघून.

कातारिना उठून तिच्यासमोर आली. ती रडत नव्हती. मोठ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात, तशी हाक मारून तिने विचारलं.

"दोन्या दोमी, तो कागद तुम्हीच वाचला होता ना?"

२

शेरीफ कॉफील्ड फार सभ्य माणूस होता. त्याने दोमितिलाला खुर्ची दिली, बर्फ घातलेला गोड चहा दिला आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते सांगितलं. मग तो म्हणाला की त्याच्या कचेरीने दिलेला शब्द पाळला आहे. जूनमध्ये काउंटीने मिग्राला मदत करण्याचा केंद्राशी करार केला, डेप्युटींना शिक्षण मिळालं, हे सगळं वर्तमानपत्रात आलंच आहे. पण साक्षीदारांच्या बाबतीत इथून कुणी फोन करत नाही.

"बोटं काचेवर ठेवली की वॉशिंग्टनचं यंत्र काय ते सांगतं, मॅम. यंत्राला मी काय करणार?"

गाडी गुरुवारी संध्याकाळी पाचला येणार होती.

फिदेन्सिओला सरकारने दिलेली बचावाची वकील मिस अ‍ॅबर्नथी हातात अर्धं सँडविच घेऊन जिन्यात भेटली. पोरगी हुशार होती, पण तिच्याकडे सव्वाशे प्रकरणं होती. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. गुरुवारी दोन वाजता न्यायाधीश ट्रॅमल बाई ऐकून घेणार आहेत. यंत्राने ओळखलं असेल तर शब्द कुणीच मोडलेला नाही आणि आपण काही करू शकत नाही. काउंटीच्या पगारावरच्या कुणी आपण होऊन माहिती दिली असेल, तर मात्र बाई त्याला पाचच्या आत सोडायला लावू शकतात. पण कुणी दिली ते नावानिशी हवं.

"आणि ते कोण शोधणार?" दोमितिलाने विचारलं.

मिस अ‍ॅबर्नथीने सँडविचकडे पाहिलं.

संध्याकाळी दोमितिला इश्कोयांच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घरात, गेली. शेगडीवर काळे घेवडे रटरटत होते. शेरीफचं यंत्राचं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं. कातारिना ऐकत होती आणि ऐकता ऐकता हसायला लागली. ते हसणं चांगलं नव्हतं. तिने दोन्ही हात दोमितिलाच्या चष्म्यासमोर धरले.

"यात रेघा दिसतात का बघा."

बोटांची टोकं गुळगुळीत होती, चाटून काढल्यासारखी. कातारिनाने सांगितलं की ती सहा वर्षं हाडं काढण्याच्या पट्ट्यावर आहे, तो अकरा. बर्फाचं पाणी, क्लोरीन, दिवसाला हजारो कोंबड्या. प्लँटमध्ये हजेरीला बोटं लावायचं यंत्र आणलं होतं, तेव्हा त्यांच्या पट्ट्यावरच्या एकालाही ते ओळखेना. मुकादम म्हणायचा, भुतं कामाला ठेवली आहेत. शेवटी गळ्यात कार्डं आली.

दोमितिला दारातच थांबली. यंत्र त्याला ओळखूच शकलं नसतं. मग त्याला ओळखणारं माणूसच असणार, आणि ते त्याच इमारतीत चहा पीत असणार.

३

सगळ्यांचा संशय रुबेन गलार्सावर होता. कॅटल्पामध्ये मिग्राचं शिक्षण घेऊन आलेला तो पहिला डेप्युटी. त्याच्या आईने टेक्सासात पालेभाज्या खुडल्या होत्या आणि हा आता आत येणाऱ्या प्रत्येकाची बोटं काचेवर दाबत होता. बाजारात बायका त्याला पाहून मक्याच्या पिठाच्या पिशव्या पलीकडच्या हातात घेत. त्याला सगळं कळत होतं.

बुधवारी सकाळी दोमितिला त्याच्या टेबलापाशी गेली तेव्हा तोच आधी बोलला.

"या, दोन्या. मला वाटलंच होतं. चोर हवा असला की आधी आपल्यातलाच."

दोमितिलाला लाज वाटली, कारण त्याने खरंच सांगितलं होतं. तिने फक्त बोटांबद्दल विचारलं. गलार्साने खण उघडला आणि शुक्रवारची नोंद समोर टाकली. काचेने फिदेन्सिओची बोटं पाच वेळा नाकारली होती. पाचव्या वेळी गलार्साने हाताने शेरा लिहिला होता: वाचता येत नाहीत. वॉशिंग्टनला काहीच गेलं नव्हतं.

"मग होल्ड कुठून आला?"

"मी नाव टाइप केलं आणि पडद्यावर आधीच बसलेला होता. कुणीतरी महिनाभर आधी भरून ठेवलेला." त्याने होल्डचा कागद बाहेर काढला. "मी काढून टाकू शकलो असतो. नाही काढला. नोकरी आहे माझी. तेवढं मी कबूल करतो, त्यापुढचं नाही."

कागद त्याने तिच्याकडे फिरवून ठेवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून कॉफी ढवळत उभा राहिला. दोमितिलाने कागद वाचला. नाव बरोबर होतं. भरणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'काउंटी' होतं. तळाशी टीप होती: चौदा तारखेनंतर ताब्यात घ्यावा. आणि जन्मस्थान: तापाचुला, मेक्सिको.

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

फिदेन्सिओ ग्वातेमालाचा, वेवेतेनांगोच्या डोंगरातला. एरवी तो ते लपवतही नसे. शुक्रवारी रस्त्यावर त्याने आपल्या वकिलातीचं ओळखपत्रच दाखवलं होतं आणि दंडाच्या पावतीवर डेप्युटीने ग्वातेमाला असंच लिहिलं होतं. गलार्साच्या नोंदीतही तेच.

पण त्या डोंगरातले लोक घाबरले की मेक्सिकोचे होतात. परत पाठवलं तर निदान जवळच्या सरहद्दीवर सोडतील, विमानात घालून पार खाली नेणार नाहीत, एवढाच त्यांचा हिशेब. तापाचुला हे मेक्सिकोतलं, पण ग्वातेमालाच्या सरहद्दीलगतचं शहर, त्यामुळे खोटं सांगायला सोयीचं. गावाहून निघतानाच म्हातारी माणसं हे पढवून पाठवतात. तिथला चौक कसा, चर्च कोणतं, तेसुद्धा पाठ करून घेतात.

फिदेन्सिओने आपण तापाचुलाचे आहोत असं या इमारतीत एकदाच सांगितलं होतं. ते दोमितिलाला पक्कं माहीत होतं, कारण ते इंग्रजीत तिनेच सांगितलं होतं.

४

जबाबाच्या त्या खोलीत चौघं होती. फिदेन्सिओ. दोमितिला. जबाब घेणारा डिटेक्टिव्ह लायल पकेट. आणि मार्लीन स्ट्राउड. अन्याय झालेल्यांना धीर देण्यासाठी काउंटीने नेमलेली बाई ती. पत्रातल्या वचनाप्रमाणे गाव कुणी विचारलं नव्हतं, जबाबात ते लिहिलंही गेलं नव्हतं. जबाब संपल्यावर कॉफी आणि बिस्किटं आली तेव्हा गप्पांच्या ओघात ते निघालं, आणि फिदेन्सिओ एकदम सावध होऊन म्हणाला, तापाचुला. त्याच्या बोलण्यातले डोंगर ऐकून हे खोटं असल्याचं दोमितिलाला कळलं होतं. पण दुभाष्याने आपलं मत द्यायचं नसतं. तिने तापाचुला म्हणून सांगितलं.

कुणी विचारलं होतं ते मात्र आठवेना. रात्रभर तिने डोक्याला ताण दिला. दुसऱ्याचे शब्द वाहताना बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. बावीस वर्षं तिने तोंडांकडे पाहिलं होतं, माणसांकडे नाही. आपण एवढी वर्षं जिला सचोटी म्हणत आलो ती नुसती झापडं तर नव्हती, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

संशय उघडच पकेटवर जात होता. पकेट आणि हॉकडे मावसभाऊ. दोघं मिळून हरणांच्या शिकारीला जात.

गुरुवारी सकाळी आठ वाजता पकेट गाडीतळावर ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता. टरफलं तो कागदी पेल्यात थुंकायचा. दोमितिलाने घाबरत घाबरत विषय काढला. तापाचुला म्हणजे काय, हेच त्याला सांगता येईना. ते एखाद्या पदार्थाचं नाव असेल, असं तो म्हणाला. मग तिने थेट विचारलं.

पकेट बराच वेळ हसला.

"म्हातारे, तुझ्या त्या माणसासाठी मी रडणार नाही. तो गेला तर डॅरिल सुटतो. डॅरिल सुटला तर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मावशी माझ्याशी बोलेल." त्याने पेल्यात थुंकलं. "पण मला करायचंच असतं, तर मी मार्चमध्येच केलं असतं. खटला तोंडावर येईपर्यंत कशाला थांबू? आणि त्या टिपेत काय लिहिलंय ते बघ जरा. चौदा नंतर. मी इतका मूर्ख वाटतो तुला?"

तो माणूस तिला किळसवाणा वाटला. बरोबर बोलत होता म्हणून जास्तच.

ती टीप सगळ्यांनी पाहिली होती आणि गाडीची काहीतरी सोय असेल म्हणून सोडून दिली होती. तिनेही. पण मिग्राची गाडी तर आज येत होती. म्हणजे तारीख मिग्राची नव्हती, कागद भरणाऱ्याची होती. आणि सोमवारी फिदेन्सिओने साक्षीला उभं राहावं असं भरणाऱ्याला मनापासून वाटत होतं. हॉकडेला शिक्षा हवी होती त्याला. पकेटला ती नको होती. गलार्साला कशाचंच सुखदुःख नव्हतं, आणि त्याच्या कागदावर गाव वेगळं होतं.

खोलीतल्या चौघांतून फिदेन्सिओ आणि पकेट वजा झाले, तिसरी ती स्वतः. उरलेल्या एका माणसाने मार्चमध्ये बिस्किटं स्वतः भाजून आणली होती.

५

मार्लीनच्या खोलीला मऊ खोली म्हणत. फिकट निळा सोफा, कापसाची अस्वलं, व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती आणि त्यांच्यामध्ये एक नवी चौकट. करारानंतर घरबसल्या करायच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र.

"हनी, तू किती थकलेली दिसतेस," मार्लीन म्हणाली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

दोमितिलाने डबा घेतला नाही. तिने नुसतं विचारलं, फिदेन्सिओला गाव तू विचारलंस का?

मार्लीनने लपवायचा प्रयत्नही केला नाही. हो, तिनेच विचारलं होतं, आपुलकीने. माणूस कुठला ते कळलं की जवळीक वाटते. मग जूनमध्ये शिक्षण झालं. त्यात स्पष्ट सांगितलं होतं की माहीत असून न कळवणं म्हणजे कायद्याशी प्रतारणा. तिला झोप येईना. एकीकडे मिरेया, तिची पोर नसली तरी पोरीसारखीच. दुसरीकडे कायदा. तिने प्रार्थना केली, चर्चमधल्या बायकांनाही नाव न घेता विचारलं. शेवटी दोन्ही सांभाळेल असा मार्ग तिला सुचला.

"मी त्यात अगदी स्पष्ट लिहिलं होतं. चौदा नंतर. मिरेयाला न्याय मिळू दे, मग तो जाऊ दे. कुणाचंच वाईट होणार नव्हतं." तिचे डोळे भरून आले. "आणि आता ते आजच गाडी पाठवतायत. मी तक्रारीचं पत्र लिहिलंय त्यांना. इतका विश्वास ठेवला मी, आणि त्यांनी मला असं फसवलं."

दोमितिलाला पहिल्यांदा वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, नाही. ही बाई खरंच दुखावली आहे. वचन मोडल्याचं दुःख तिला आहे, फक्त ते तिला दिलेल्या वचनाचं.

"तो पत्र ऐकत होता तेव्हा तू त्याच्या खांद्यावर हात ठेवला होतास," दोमितिला म्हणाली.

"हो गं. किती घाबरला होता बिचारा."

दोमितिलाने मेणबत्ती बाजूला सरकवली. तिने विचारलं, हे कोर्टात सांगशील? मार्लीनने डोळे टिपले. विचारलं तर ती खोटं बोलणार नाही, तिने आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही. पण आपण होऊन नाही. आणि विचारणार कोण? त्या खोलीतली गोष्ट बाहेर सांगायची मुभा वकिलांनाही नाही, हनी. तुला तर नाहीच.

६

खरं होतं ते. दुभाष्याची शपथ असते. खोलीत जे ऐकलं ते खोलीत राहतं. मोडली तर परवाना जातो, आणि दोमितिलाकडे दुसरं काही नव्हतं. पण त्याहून वाईट दुसरं होतं. तापाचुलाची गोष्ट सांगितली की फिदेन्सिओ पोलिसांसमोर खोटं बोलला होता, हे उघडं होणार. सोमवारी हॉकडेचा वकील तेच पकडून बसणार. हे त्याला विचारल्याशिवाय करणं तिला बरोबर वाटेना.

बारा वाजता तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत काचेपलीकडे तो येऊन बसला आणि दोघांनी बोलण्यासाठीचे फोन उचलले. एका आठवड्यात गालाची हाडं वर आली होती. तिने दोन्ही बाजू नीट सांगितल्या, काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि आधी मिरेया कशी आहे ते विचारलं. मग कातारिनाने गाडीचा दिवा बदलून घेतला का, ते.

"दोन्या, कुठं जन्मलो ते मी खोटं सांगितलं. काय पाहिलं ते खरं सांगितलं. ज्याला फरक कळत नाही त्याला कळू नये." तो काचेकडे वाकला. "पण तुमचं काय? तुमची रोजीरोटी जाईल."

"मला पुस्तकं वाचायची राहिली आहेत," ती म्हणाली. घरी पुस्तकं चाळीस-पन्नासच होती आणि बहुतेक वाचून झालेली होती.

तो हसला नाही. "त्या दिवशी तुम्ही तो कागद चांगला वाचला होता. मला एकदम बरं वाटलं होतं."

तिला ते ऐकून घेणं जड गेलं. तिने फोन जागेवर ठेवला आणि हात स्कर्टला पुसला.

दोन वाजता कोर्ट भरलं. शेरीफने यंत्राची गोष्ट सांगितली, त्याच सभ्य आवाजात. मिस अ‍ॅबर्नथीने गलार्साची नोंद समोर ठेवली. पाच वेळा नाकारलेली बोटं, वॉशिंग्टनला काहीच न गेलेलं. शेरीफने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला की हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. न्यायाधीश ट्रॅमल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग माहिती दिली कुणी?

दोमितिला फिदेन्सिओच्या शेजारी, आपल्या नेहमीच्या जागी बसली होती. ती उभी राहिली. स्वतःच्या वतीने इंग्रजीत बोलायचं म्हणजे पहिलं वाक्य कुठून धरायचं तेच तिला कळेना.

"मला साक्षीची शपथ द्या," ती म्हणाली. "मी दुभाषी म्हणून बोलत नाही."

बाईंनी तिला दोनदा सावध केलं. तिने दोन्ही वेळा मान हलवली. मग बोटं, तापाचुला, बिस्किटं आणि चौदा तारीख, या क्रमाने सगळं सांगितलं. बारा मिनिटं लागली. मार्लीनला बोलावलं गेलं, आणि मार्लीन खरंच खोटं बोलली नाही. ती हात जोडून म्हणाली की तिने दोघांचंही भलं पाहिलं होतं. मागच्या बाकावर पकेटने बी फोडली, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

पावणेचारला बाईंनी निकाल दिला. काउंटीने शब्द दिला होता, काउंटीनेच मोडला. काउंटी या माणसाला त्या कागदावर आणखी एक मिनिटही धरून ठेवणार नाही. रुआनो बाईंचा परवाना मात्र चौकशी होईपर्यंत बंद राहील, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही.

गलार्साने फिदेन्सिओला पुढच्या दाराने बाहेर सोडलं.

७

शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस इश्कोयांच्या ट्रेलरमध्ये माणसांची रीघ होती आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. टेनेसीत चुलतभाऊ आहे, तिकडे जा. काउंटी धरणार नाही म्हणजे मिग्रा धरणार नाही असं नव्हे. त्यांना आता नाव माहीत आहे, चेहरा माहीत आहे, सोमवारी सकाळी दहाला तू कुठे असशील तेही माहीत आहे. पाद्रीही तेच म्हणाला. दोमितिला रविवारी दुपारी गेली आणि तिनेही तेच सांगितलं, स्वतःच्या तोंडाने. खुद्द मिरेया आईला घेऊन आली आणि काकाला म्हणतात तसं म्हणाली, तिओ, नका येऊ. मी एकटी सांगेन.

फिदेन्सिओ दारात बसून बूट पुसत होता. त्याने तिला जवळ बसवून घेतलं आणि शीतघराचं दार उघडलं तेव्हा तिच्या पायात कोणत्या रंगाचे मोजे होते ते सांगितलं. त्याला सगळं आठवत होतं. हे दुसरं कोण सांगणार, असं त्याने विचारलं.

सोमवारी तो आला. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. दोमितिलाच्या जागी व्हिडिओचा एक पडदा ठेवला होता, त्यातून शिकागोचा कुणी माणूस दुभाष्याचं काम करत होता. दोमितिला प्रेक्षकांत कातारिनाच्या शेजारी बसली. हॉकडेच्या वकिलाने तापाचुलावर चाळीस मिनिटं घेतली. तू खोटारडा आहेस ना? हो, गावाबद्दल. मग इतर गोष्टींबद्दल का नाही? फिदेन्सिओ म्हणाला की गावाचं खोटं त्याने भीतीने सांगितलं, आणि आज तो घाबरलेला नाही. ज्युरीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान खाली घातली.

चार वाजता ज्युरीने हॉकडेला दोषी ठरवलं. मिरेया आईच्या कुशीत शिरली. मार्लीनने दोघींना मिठी मारली, ती रडत होती आणि हसतही होती. तिने म्हटलं होतं तसंच सगळं झालं होतं, अगदी तारखेसकट. मागच्या ओळीत साध्या कपड्यातले दोन जण सकाळपासून बसले होते. साक्ष चालू असताना त्यांनी फोनसुद्धा काढले नव्हते. शेवटपर्यंत ते सभ्यपणे थांबले. न्यायाधीशबाई आत गेल्यावरच उठले. शेरीफच्या माणसाने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

बाहेरच्या जाळीच्या व्हरांड्यात त्यांनी फिदेन्सिओला गाठलं. कातारिनाने त्याची बाही पकडली. त्यातला मोठा माणूस इंग्रजीत काहीतरी म्हणाला, मग इकडेतिकडे पाहून दोमितिलाकडे वळला. तिला तो ओळखत असावा.

"तुम्ही दुभाषी ना? त्याला सांगा, हात पाठीमागे कर."

दोमितिलाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. चेहऱ्याकडे पाहिलं.

"होते," ती म्हणाली.

तो माणूस वाट पाहत राहिला. ती पुढे काही बोलली नाही, तशीच त्याच्यासमोर उभी राहिली. फिदेन्सिओने बायकोची बोटं एक एक करून बाहीवरून सोडवली आणि आपले हात आपणच मागे नेले.